भरलेली टाकी

गणपतराव दवाखान्यातून घरी आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फटफटीवरची गोधडी ओढली. धूळ उडाली नाही, हे त्याच्या आधी लक्षात आलं. अठरा महिने एका जागी उभी असलेली गाडी, पण टाकीवर तेलाचा हात फिरलेला होता. चाकांच्या तारा एकेक करून पुसलेल्या. हँडलला वाळलेल्या झेंडूची माळ आणि दिव्याच्या काचेवर कुंकवाचं बोट.

"दोन दसरे गेले," त्याची बायको देवकी दारातून म्हणाली. "दोन्ही दसऱ्याले पुजली. तुमची आठवण म्हणून नाई हो. ते घरातलं जनावर आहे म्हणून."

तो हसला. हसलं की अजून छातीत उजव्या बाजूला ओढल्यासारखं होई. नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या दुपारच्या वेळी त्याला हीच फटफटी ऐकू यायची. सुई टोचून नर्स निघून गेली, वॉर्ड झोपला, की तिचा ठोका कुठून तरी जवळ येई आणि तो तिच्यावर बसलेला असे. मनसर मागे पडे, कन्हानचा पूल येई, खाली वाळूत टरबुजांच्या वाड्या दिसत. पूल मात्र कधी संपत नसे. तो पुलावरच जागा होई, आणि पंख्याचा आवाज कानात उरे.

आता ती खरोखर समोर होती. कामठीच्या छावणीत लिलाव झाला तेव्हा त्याने ती घेतली होती. इंग्लिश बनावटीची, फौजेतली, हिरव्या रंगावर काळा रंग मारलेली. त्याने पाय टाकून किक मारली. गाडी खोकल्यासारखी झाली आणि गप्प. दुसरी. तिसरी. सहाव्या किकेला गुडघा आपोआप वाकला आणि तो हँडल धरून खाली बसला. डोळ्यांपुढे अंगण पांढरं झालं.

त्याचा धाकटा भाऊ भैय्याजी निंबाची काडी चावत विहिरीकडे निघाला होता, तो थांबला.

"राहू दे नं दादा. रविवारी लकडगंजचा बाबाराव येऊन राहिला. जुन्या गाड्या घेते तो."

"कोणी बोलावलं त्याले?"

"मीनंच. सुरू झाली तं तो गाडी म्हणून नेईन, नाई तं लोखंड म्हणून."

"मले इचारलं?"

"तुले कोठी इचारू? तवा तू वापस येशीन का नाई, हेच कोणाले मालूम होतं?" भैय्याजी हे वाईट मनाने बोलला नाही. काडी थुंकून तो पुढे गेला.

रामटेक गावापासून दूर, गडाच्या मागच्या अंगाला पान पिकवणाऱ्या बरयांची सात-आठ घरं होती आणि घरांमागे पानमळे. इथलं कपुरी पान नागपूरला जाई. पान खुडल्यावर ते ऊन बघत नाही. पूर्वी गणपतराव दर रविवारी आणि बुधवारी पहाट फुटली की फटफटीच्या दोन्ही अंगांना डाल्या बांधून निघे आणि इतवारीची दुकानं उघडायच्या आत पान अडत्याच्या गादीसमोर उतरवी. तो आजारी पडल्यापासून डाल्या बैलगाडीने रामटेकला आणि तिथून मोटारीच्या टपावर जात. पोचेपर्यंत दुपार होई, कडा काळवंडत, आणि त्यांचं पान दुसऱ्या, कमी भावाच्या ढिगात पडे.

डॉक्टरने सांगितलं होतं, वर्षभर कुदळ नाही, पाण्याची घागर नाही, शिडीवर चढणं नाही. मग त्याच्याकडे उरलं काय? फटफटीवर बसून पान पोचवणं, एवढं एकच काम बसून होण्यासारखं होतं. गाडी गेली की अंगणातली खाट, गोळ्यांची पुडी आणि आईने पुढे सरकवलेला दुधाचा पेला. सगळे मळ्यात गेले असताना घर राखायला ठेवलेला माणूस.

गुरुवार होता. रविवार तिसऱ्या दिवशी होता.

*

त्याने गाडी ढकलत मळ्याच्या बांधापर्यंत आणली. खरं तर देवकीने ढकलली, त्याने हँडल धरलं. मळ्यात जायचं तर पाय धुऊन, अनवाणी. तेला-पेट्रोलाचे हात घेऊन तर नाहीच. त्यामुळे तो बांधावर गोणपाट टाकून बसला. आत वेली शेवरीच्या खोडांवर चढलेल्या. वरून गवताचं छप्पर, बाजूंनी तट्टे. आत शिरलेलं ऊन हिरवं होऊन जमिनीवर पडे. देवकी आणि त्याची आई जिजाबाई अंगठ्यात पत्र्याची नखी घालून पान खुडत होत्या. टक, टक, टक. तो आवाज इतका एकसारखा होता की गणपतरावाला गुंगी आली. पाना हातात घेऊन तो काही वेळ नुसताच बसून राहिला. आपण खाटेवर आहोत की बांधावर, हे त्याला ठरवता येईना.

मग त्याने कार्बोरेटर खोलला.

वाटीचं झाकण निघालं तसा वास आला. पेट्रोलचा नव्हे. लाकडावर लावतात त्या वार्निशासारखा, आंबट, जुना. वाटीच्या तळाला गुळाच्या काकवीसारखा तांबूस थर बसला होता. आतला तरंगता डबा त्या थरात चिकटून पडला होता. सगळ्यात खालचं जेट, पितळेचा तो शेंगदाण्याएवढा तुकडा, त्याने उन्हाकडे धरला. त्याच्या मधलं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. पलीकडचं ऊन दिसायला पाहिजे होतं. दिसलं नाही.

त्याने टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. खालचा नळही उघडा.

देवकी डोक्यावर टोपली घेऊन बाहेर आली.

"टाकी कोणं भरली वं?"

"मीनं," ती टोपली उतरवत म्हणाली. तिच्या आवाजात ऐट होती. "दर दोन महिन्यानं डबा घेऊन रामटेकले जाऊन राहिली होती मी, पायी. जेवढं कमी झालं तेवढं ओतलं. एक दिवस रिकामी ठेवली नाई."

"अन् नळ?"

"उघडाच ठेवला. नळीत तेल खेळतं पाह्यजे नं? एकदा का हवा शिरली की मशीन मेली. भैय्याजी भाऊजीनं सांगतलं. ते आपल्या विहिरीवरच्या इंजनाचं तसंच करते." तिने पदराने गळा पुसला. "अन् नाई सांगतलं असतं तरी मले समजते. वेलीले एक सांज पाणी चुकलं तं काय होते, हे बरयाच्या पोरीले सांगा लागते का?"

गणपतरावाने जेट मुठीत घेतलं. अठरा महिन्यांतली सगळी उन्हं या टाकीवरून गेली होती. वाटीतलं पेट्रोल उडून जाई, मागे चिकटा राही, आणि उघड्या नळातून पुन्हा नवं पेट्रोल येऊन बसे. पुन्हा उडे, पुन्हा चिकटा. तिने जेवढं ओतलं तेवढा थर चढला. गाडी नुसती कोरडी ठेवली असती, तर आज दुसऱ्या किकेला बोलली असती.

"काय झालं?"

"काही नाई. साफ करा लागते."

ती पुन्हा आत गेली. टक, टक सुरू झालं.

*

शुक्रवारी सकाळी तो भैय्याजीच्या विहिरीवर गेला. भैय्याजीचं डिझेल इंजन झोपडीखाली बसवलेलं होतं. गणपतराव दवाखान्यात असतानाच ते आलं होतं. पावसाळ्याचे चार महिने ते बंद असे. भैय्याजीने हँडल लावलं, दोन फेरे फिरवले, दट्ट्या पाडला, आणि इंजन पहिल्याच दमात धडधडू लागलं. विहिरीचं पाणी पाटात पडलं.

"पाह्यलं?" भैय्याजी ओरडला. "हे आहे मशीन. कार्बोरेटर नाई, फार्बोरेटर नाई. पंप दाबते अन् नोझल आत तेल टोचते. सुई टोचल्यावानी. तुले तं आता सुयीची ओळख आहे नं?"

"तू देवकीले टाकी भरून ठेवाले काहून सांगतलं?"

"म्हणजे? म्या इंजनाले तसंच ठेवतो. भरून. रिकामं ठेवलं की नोझलले जंग धरते, हवा शिरते. मंग बसा हँडल फिरवत."

"तुह्या इंजनाले ते बरोबर आहे."

"मंग?"

"माही गाडी टोचून घेत नाई गा. ती श्वास ओढते. हवा आत जाते तिच्यासंग पेट्रोल ओढल्या जाते, एवढ्याशा भोकातून. पेट्रोल म्हणजे डिझेल नव्हे. ते उडते अन् चिकटा सोडते. तिले ठेवाचं तं नळ बंद करून, वाटी कोरडी करून. तहानलेली ठेवा लागते."

भैय्याजीने तोंड वाकडं केलं. "एका मशीनले भरा, एकीले उपाशी मारा. म्हणूनच म्हणतो, वीक ते. माही मशीन सालभर खोला लागत नाई."

"नाई लागत. पण ज्या दिवशी लागन नं, त्या दिवशी नोझल बोचक्यात बांधून नागपूरले जाशीन. माही तं बांधावर खोलून बसलो, पाना अन् पेचकस घेऊन."

"बसला तं आहेस. सुरू कोठी झाली?"

इंजनाचा धूर झोपडीबाहेर पडून पाटाच्या पाण्यावर रेंगाळत होता. गणपतरावाला खोकला आला. भैय्याजीचं तोंड एकदम उतरलं. त्याने इंजन बंद केलं आणि लोटाभर पाणी पुढे केलं.

*

कार्बोरेटरचे सुटे भाग त्याने रामटेकहून मागवलेल्या ताज्या पेट्रोलात एक दिवस, एक रात्र भिजत ठेवले. तांबूस थर सुटला. तरंगता डबा मोकळा झाला. वाटी चकचकीत निघाली. जेटचं भोक मात्र बंद ते बंद. तार घालून ते उघडता आलं असतं, पण तारेने पितळ ओरखडतं, भोक रुंदावतं, आणि मग गाडी पेट्रोल पीत सुटते. इथे फुंकरीचं काम होतं. ओठात जेट धरायचं आणि पोटातून जोर लावायचा. पूर्वी तो हे सहज करी.

शनिवारी दुपारी त्याने जेट ओठात धरलं आणि फुंकलं. गाल फुगले. छातीत उजवीकडे कोणी तरी बोट ठेवावं तशी कळ आली, आणि हवा तिथेच थांबली. त्याने पुन्हा फुंकलं. खोकल्याची उबळ आली. जेट मातीत पडलं.

देवकी मळ्याच्या तोंडाशी उभी राहून हे पाहत होती.

"द्या इकडं."

"पेट्रोल आहे. तोंडात जाते."

"द्या म्हणते नं."

"आधी ऐक." त्याला आता सांगावंच लागलं. त्याने नजर वाटीवर ठेवून सांगितलं. टाकी भरून ठेवली म्हणून हे झालं. नळ उघडा ठेवला म्हणून. तुझी चूक नाही, भैय्याजीच्या इंजनाला तेच बरोबर, पण हिला ते चालत नाही.

देवकीने नखीच्या अंगठ्याने कपाळावरचा केस बाजूला सारला.

"आठ डाव गेली मी रामटेकले," ती म्हणाली. "डबा डोक्यावर घेऊन. झाकणातून गळे. केसाले वास येई. आई मले तीन-तीन डाव नाहाले लावे मळ्यात याच्या आधी." ती थांबली. "त्यापेक्षा झोपली असती घरी तं बरं होतं म्हणा नं."

"तसं नाई."

"तसंच आहे. तुमी दोन दिवसाचे सांगून नाई राहिले. मुकाट्यानं घासून राहिले."

तिने मातीतलं जेट उचललं, पदराला पुसलं, बांधावर पडलेल्या झाडूच्या फड्यातून एक मऊ काडी मोडली आणि पेट्रोलात बुडवून भोकात हलकेच फिरवली. वेलीचा कोवळा शेंडा शेवरीला बांधताना फिरायची तशीच तिची बोटं फिरली. मग जेट ओठात धरून तिने फुंकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी बारीक शीळ वाजली. ती थुंकली, तोंड वाकडं केलं, आणि जेट उन्हाकडे धरलं.

"दिसते," ती म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सुईच्या टोकाएवढं ऊन.

"वं देवकी!" मळ्यातून जिजाबाईचा आवाज आला. "तोंडाले काय लावलं वं? तशीच आत येशीन तं पाह्य! वेल जळन वास लागून."

"नाहून येते, आई."

"दोन डाव नाह्य! अन् खुडाचं कोणं? माह्या एकटीच्यानं दोन डाल्या होते का?"

देवकी विहिरीवर गेली. माघातलं गार पाणी अंगावर घेताना तिने घेतलेला श्वास बांधापर्यंत ऐकू आला. त्या श्वासाकडे कान लावून गणपतरावाने कार्बोरेटर जोडला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं आणि डब्यातलं ताजं घातलं.

किक मारायचा त्याने प्रयत्न केला. दोनदा. पाय किकच्या दांड्यावर ठरेना. मग त्याने नाद सोडला. ओल्या केसांची देवकी आली आणि तिने गाडी बांधाच्या उतारावरून ढकलली. गाडी गिअरमध्ये टाकून त्याने क्लच सोडला. एक धक्का बसला, धुराचा एक निळा गोळा निघाला, आणि तो ठोका सुरू झाला. मळ्यातली टक, टक थांबली. जिजाबाई नखीसकट तट्ट्याच्या फटीतून पाहत राहिली.

*

रविवारी पहाट फुटताना ते दोघं निघाले. दोन्ही अंगांना केळीच्या पानांत गुंडाळलेल्या डाल्या, मागे देवकी. तिने येऊ नये असं जिजाबाई म्हणत होती, पण गणपतराव काही बोलला नाही, म्हणजे तिने यावं.

मनसर मागे पडलं. धुकं रस्त्यावर गुडघाभर उभं होतं, आणि गाडी त्यात पाय बुडवून चालल्यासारखी चालली होती. गणपतरावाला हात जड वाटत नव्हते. काहीच जड वाटत नव्हतं. कन्हानचा पूल आला तेव्हा त्याने वेग कमी केला. खाली वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या आणि एक म्हातारा वेलीला पाणी घालत होता. पूल संपला. त्याला थोडं नवल वाटलं.

इतवारीच्या गल्लीत हातगाड्यांची गर्दी सुरू झाली होती. अडत्या वामनराव गादीवर उदबत्ती लावत होता. त्याने वर पाहिलं आणि उदबत्ती तशीच हातात राहिली.

"गणपतराव? अरे बापा! आमाले तं सांगतलं होतं..." तो पुढचं गिळून म्हणाला, "या, बसा, चहा सांगतो."

"बसत नाई. पान पाहा."

वामनरावाने केळीचं पान उघडलं, आत हात घातला, तळातलं एक पान काढून गालाला लावलं. त्याने डाली पहिल्या ढिगाकडे सरकवली.

"अबे, गाडी बंद कर नं!" मागचा हमाल ओरडला. "पुरी गल्ली धुरानं भरली!"

गणपतरावाने बंद केली नाही. चार शिव्या आल्या, त्या ऐकून घेतल्या. इथे उतार नव्हता, आणि आपल्या पायाचं त्याला माहीत होतं. देवकीने दोन्ही डाल्या एकटीने उतरवल्या. हमाल म्हणाला, "वा मालक! बाई हमाली करते, अन् मालक सिंहासनावर!" गल्ली हसली. गणपतरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण हात मुठीवरून हलला नाही.

*

ते घरी पोचले तेव्हा बाबाराव अंगणात खाटेवर चहा पीत बसला होता. पांढरं धोतर, हातात छत्री. बाहेर रामटेकहून भाड्याने आणलेली हातगाडी आणि दोन माणसं उभी. भैय्याजी त्याच्याशी बोलत होता. ठोका ऐकून दोघं उठले.

बाबारावाने गाडीभोवती एक फेरा मारला. खाली वाकून ऐकलं. धुरापुढे हात धरून पाहिला.

"चालते," तो म्हणाला. "चांगली चालते. बंद करा अन् पुन्हा सुरू करून दाखवा. त्याशिवाय मी गाडी घेत नाही."

गणपतरावाने बंद केली. अंगण एकदम गप्प झालं. त्याने पाय दांड्यावर ठेवला आणि सगळा भार दिला. दांडा अर्ध्यावर गेला आणि वर आला. दुसऱ्या वेळी तेवढाही गेला नाही, हे सगळ्यांना दिसलं. बाबारावाने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि दुसरीकडे पाहिलं.

"थांब दादा," भैय्याजी पुढे आला. "मी मारतो."

"तुमी सरका, भाऊजी," देवकी म्हणाली.

तिने रिकाम्या डाल्या खाली ठेवल्या, काष्टा घट्ट खोचला, गणपतरावाच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि अनवाणी पाय दांड्यावर ठेवला. पहिली किक फुकट गेली. दुसरीला दांडा उलटा उसळून तिच्या घोट्यावर बसला. तिने ओठ दाबले. तिसरीला गाडी बोलली.

जिजाबाई ओसरीवरून उठली.

"मशीन खरी आहे," बाबाराव मोठ्याने म्हणाला, कारण ठोक्यावरून बोलावं लागत होतं. "पण गणपतराव, चालवणार कोण? मी चालू गाडीचा भाव देतो. विचार करा."

"चालवीन मी," गणपतराव म्हणाला. "सुरू ही करन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाबारावाने भैय्याजीकडे पाहिलं. भैय्याजी गाडीकडे पाहत होता. "त्यायले इचारा," तो म्हणाला. "माही नाई ते."

बाबारावाने छत्री काखेत मारली, उरलेला चहा उभ्याने संपवला आणि माणसांना हातगाडी वळवायला सांगितली. जाताना तो देवकीकडे पाहून काही म्हणाला. पण ठोक्यात ते कोणाला ऐकू आलं नाही.

गणपतरावाने गाडी बंद केली. देवकी पायरीवर बसली. घोट्यावरचं कातडं सोललं होतं आणि रक्त टाचेपर्यंत आलं होतं. जिजाबाई आतून हळदीची वाटी घेऊन आली. सुनेच्या पायाशी बसताना तिचे गुडघे वाजले. तिने पाय मांडीवर ओढून घेतला आणि चिमूटभर हळद जखमेवर दाबली, जरा जोरातच. देवकी कळवळली.

"बुधवारी जोडा घालून किक मार वं," जिजाबाई म्हणाली.